वेताळाचे खाडे: इंद्रजालच्या वहीतली सहामाही

मंडळी, वही पुन्हा उघडली. दिवाळीत मोजले तेव्हा माझ्याकडे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे ३१८ अंक होते. तेव्हापासून २८ आणले. त्यातले चार डबल निघाले आणि एकाचं रडगाणं पुढे गायचंच आहे. म्हणजे भर २३ची, एकूण ३४१. वही मी इंग्रजी अंकांच्या यादीवर आखली आहे, आणि तिच्यात ८०३ अंक आहेत. निम्मी वाटसुद्धा झालेली नाही. कपाट मात्र भरलं, असं घरच्यांचं म्हणणं.

नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी दोन ओळी. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४मध्ये वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'च्या, गोष्टीने इंद्रजाल सुरू केलं आणि १९९०मध्ये ते बंद पडलं. आधी मासिक, मग पाक्षिक, शेवटी दर आठवड्याला. क्रमांक १२३ आणि १२४ शोधत बसू नका. संपामुळे ते निघालेच नाहीत. मला हे कळायला पाच वर्षं लागली. मधल्या काळात एका रद्दीवाल्याने "एकशे चोवीस ना? आहे की घरी, पुढच्या रविवारी आणतो" असं छातीठोक सांगून मला सलग तीन रविवार हेलपाटे घालायला लावले होते. दुसरी डोकेदुखी म्हणजे ऐंशीच्या दशकात सलग क्रमांक सोडून खंड आणि अंक अशी मोजणी आली. त्यामुळे वहीत दोन रकाने आणि खाडाखोड अपरंपार.

जानेवारी

पुण्याचा जुना बाजार. रविवारी सकाळी साडेआठला पोचलो तर सायकलचे सुटे भाग, पितळी नळ आणि एक बंद पडलेला मिक्सर यांच्यामध्ये एक जाडजूड ठोकळा दिसला. खाकी पुठ्ठ्यात बारा अंक एकत्र शिवलेले, पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा पुसटलेला जांभळा शिक्का.

"काका, केवढ्याला?"

"आठशे द्या."

"आठशे? आतली तीन कव्हरं गेलीयत."

"अहो साहेब, कव्हर बघता का गोष्ट वाचता?"

यावर आपल्यासारख्यांकडे उत्तर नसतं. पाचशेला तुटलं.

घरी येऊन उजेडात धरलं तर बाइंडरने तिन्ही बाजूंनी कटिंग मारलेलं. वरच्या ओळीतले संवादाचे फुगे अर्धे छाटलेले, वेताळ काहीतरी धमकी देतोय आणि धमकीचा खालचा अर्धाच भाग आपल्याला ऐकू येतोय. आमच्या कॉमिक्सवेड्यांच्या गटातल्या काहींचा सल्ला होता की शिवण उसवून अंक सुटे कर. मी उसवली नाही. मागच्या पानावर परतीच्या तारखांची चिठ्ठी आहे, आणि एका मे महिन्यात तो ठोकळा सव्वीस वेळा घरी गेलाय आणि परत आलाय. उसवला की हे सगळं गेलं. वहीत बाराही अंकांपुढे बरोबरची खूण केली, शेजारी 'कापीव' असं लिहिलं.

मार्च

पिना बदलण्याचं काम महिनाभर चाललं. विचारणा बऱ्याच आल्या म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या अंकाचा शत्रू नंबर एक म्हणजे त्याचीच पीन. ती गंजते, गंज कागदात उतरतो आणि मधलं पान कव्हरापासून सुटतं. पीन बाहेरून उपटायची नाही. अंक मधोमध उघडा, पिनेचे दोन वाकलेले पाय बोथट सुरीच्या टोकाने सरळ करा, मग पुस्तक पालथं घालून पीन पाठीकडून हळूच ओढून घ्या. गंजाची भुकटी कोरड्या मऊ ब्रशने झाडायची. ओल्या फडक्याने पुसलीत तर तांबडा डाग कायमचा. नवी पीन मी मारत नाही. त्याच भोकांतून सुती दोरा ओवतो आणि आतल्या बाजूला गाठ मारतो.

फाटलेल्या कडेला सेलोटेप लावणाऱ्यांबद्दल मी काही बोलणार नाही, कारण लहानपणी मीही लावलाय. वीस वर्षांनी तो पिवळा होऊन गळून पडतो आणि गोंद मात्र कागदात मुरून तपकिरी पट्टा सोडून जातो. त्यापेक्षा पातळ टिश्यू आणि गव्हाच्या पिठाची खळ बरी. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. मी घालत नाही. त्या रोजची खळ त्या रोज करतो आणि उरलेली टाकून देतो. वर वजन म्हणून पाटा. वरवंटा ठेवून पाहिला, पण तो रात्री दीडला गडगडत खाली आला आणि शेजाऱ्यांनी दार वाजवलं.

एप्रिल

आता ते रडगाणं. ऑनलाइन एकाकडून साठच्या दशकातला अंक मागवला, ९०० रुपये. फोटोत कव्हर झकास. हातात आल्यावर अंगठ्याला काहीतरी वेगळं लागलं. कागद गुळगुळीत, आणि पाठीची घडी अगदी पांढरी. भिंगाखाली पाहिलं तर रंगीत झेरॉक्स, आतल्या अस्सल पानांवर बेमालूम चिकटवलेली. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे "मी कव्हर ओरिजिनल आहे असं लिहिलंच नव्हतं." नव्हतं खरं. तेव्हापासून पैसे देण्याआधी कव्हरच्या आतल्या बाजूचा आणि पिनेजवळचा असे दोन फोटो मागतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेत नाही.

मे

गावी गेलो. पोटमाळ्यावर अंक मिळतील ही आशा फोल ठरली, उंदरांनी आधीच वाचून संपवले होते. पण ताईने जुनी आठवण काढली. आजी आमच्या हातात वेताळाचं पुस्तक दिसलं की आधी हात जोडायची. तिच्या लेखी वेताळ म्हणजे गावाच्या शिवेवरचा शेंदूर फासलेला धोंडा, भुतांचा राजा. तो निळाजांभळा घट्ट पोशाख घालून घोड्यावर का बसलाय, असं तिने एकदाच विचारलं. "आजी, हा आफ्रिकेतला आहे," ताई म्हणाली. "तिकडेपण आहे होय?" एवढंच म्हणून आजी तांदूळ निवडायला लागली.

मला वाटतं, मराठीत ज्याने कुणी 'फँटम'चा वेताळ केला त्याने निम्मं काम तिथेच फत्ते केलं. ली फॉक यांचा नायक मुळात 'चालतं-बोलतं भूत' आहे. चारशे वर्षं तोच एक माणूस जिवंत आहे असं लोक समजतात, प्रत्यक्षात बापामागून मुलगा मुखवटा चढवतो, आणि आपण वाचतो तो एकविसावा. कोकणात आणि गोव्यात तर वेताळाची देवळं आहेत. आमच्यासाठी त्या नावात भीतीही होती आणि राखणदारही होता. बंगालीत त्याचा 'अरण्यदेव' झाला. तेही सुंदर, पण त्यात भूत नाही.

नावांची कात्री इंग्रजी इंद्रजालमध्येही चालली. मूळ गोष्टीतलं 'बंगाला' आपल्याकडे 'डेंकाली' झालं, नाहीतर वाचकांना बंगालच वाटला असता. आणि वेताळाचे पिढीजात वैरी असलेले 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. कारण उघड आहे.

कुठून वाचायला सुरुवात करावी असं दोघा-तिघांनी विचारलं. वेताळ वाचायचा तर साय बॅरी यांनी काढलेला. त्यांनी १९६१ ते १९९४ वेताळ काढला आणि आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढचा वेताळ तोच आहे. त्यांच्या आधीचे चित्रकार विल्सन मॅककॉय यांची चित्रं सुरुवातीला बाळबोध वाटतात, पण दहा अंकांनंतर गोडी लागते. जादूगार मँड्रेक मला मोठेपणी जास्त आवडू लागला. फेलिनीसारखा इटालियन दिग्दर्शक त्याचा भक्त होता, हे कळल्यावर कॉलेजात मी उगाच भाव खाल्ला होता. अवकाशवीर फ्लॅश गॉर्डन माझ्या वहीत आहे, डोक्यात नाही. माफ करा.

इंद्रजालच्या बाहेर पडायचं असेल तर चित्रकारांच्या नावाने वाचा, नायकांच्या नव्हे. आपल्या माणसांनी केवढं काम करून ठेवलंय! अमर चित्र कथेतला 'कृष्ण' राम वाईरकरांचा, आणि टिंकलमधला सुपंडीही त्यांचाच. शिकारी शंभू वसंत हळबे यांचा, कालिया कावळा प्रदीप साठे यांचा. हिंदीतला नागराज १९८६मध्ये आला तेव्हा तो प्रताप मुळीक यांच्या हातचा होता आणि भोकाळ काढला दिलीप कदमांनी. मुळीकांच्या जुन्या नागराजाचे दंड आणि मान बघा, मग त्यांचे अमर चित्र कथेतले योद्धे बघा. हात एकच आहे हे लगेच कळतं.

जून

इंद्रजालच्या देशी नायकाचे, बहादूरचे, हाती आलेले सगळे अंक ओळीने वाचले. एकूण १९. आणि सिनेमाच्या वादात माझं मत आता पक्कं झालं.

गटात दर सहा महिन्यांनी वेताळावर नवा सिनेमा हवा अशी टूम निघते. १९९६चा बिली झेनचा सिनेमा मी थिएटरात पाहिला होता. आपटला बिचारा, पण मनापासून केलेला होता. त्याची अडचण मला डोळ्यांत दिसते, अगदी शब्दशः. चित्रात वेताळाच्या मुखवट्याआड बुबुळं नसतात, नुसतं पांढरं. ग्रीक पुतळ्यांवरून हे सुचल्याचं फॉक सांगत. पडद्यावर मात्र झेनचे डोळे दिसतात, आणि डोळे दिसले की भूत गेलं, जांभळ्या कपड्यातला एक देखणा गृहस्थ उरला. शिवाय आफ्रिकेच्या जंगलात गोरा राखणदार आणि त्याची सेवा करणारी बांदर नावाची जंगली जमात, ही मांडणी आज जशीच्या तशी कुणी दाखवू शकणार नाही, दाखवूही नये. आम्हाला लहानपणी ते खुपलं नाही हे खरं. आता खुपतं.

माझं मत बहादूरला. आबिद सुरती यांनी १९७६मध्ये उभा केलेला हा नायक, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. इंद्रजालची कित्येक कव्हरंही त्यांचीच. मुखवटा नाही, शक्ती नाही. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. बाप भैरवसिंग डाकू, पोलिस अधिकारी विशालच्या गोळीने मेलेला. पोरगं सूड मनात धरून वाढतं, आणि त्याला माणसात आणतो तो हाच विशाल. पुढे गावकऱ्यांचं स्वतःचं सुरक्षा दल उभारून तो डाकूंशी लढतो, बरोबर बेला. १९७२मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे चंबळच्या डाकूंनी हत्यारं खाली ठेवली होती. त्यानंतर चारच वर्षांनी हे कॉमिक आलं, आणि पानापानावर ती हवा आहे: वळणावळणाच्या वाटा, धुळीतली जीप, बंदूक ठेवायची की नाही यावर भांडणारी माणसं.

यावर आठ भागांची मालिका सहज होईल. माझ्या अटी तीनच. काळ सत्तरच्या दशकातलाच ठेवा, मोबाइल आणू नका. विशाल आणि बहादूर यांचं पहिलं वर्ष घाईत उरकू नका, दोन भाग त्यालाच द्या. बापाच्या मारेकऱ्याच्या ताटात जेवणारं पोर, यापेक्षा मोठं नाट्य त्या १९ अंकांत दुसरं नाही. आणि देवाशपथ, त्याला उडायला लावू नका.

होईल का? हिंदी राज कॉमिक्सच्या डोगा या नायकावर अनुराग कश्यप सिनेमा करणार अशी बातमी आली होती, तो झाला नाही. मँड्रेकच्या तर हॉलिवूडमध्ये कितीदा घोषणा झाल्या. तेव्हा मी श्वास रोखून बसलेलो नाही. पण हल्ली दुपारी कपडे वाळत घालताना विशालच्या भूमिकेसाठी नट शोधत असतो.

जुलै

पाऊस लागला. कपाट बंद. पावसाळ्यात अंक उघडणं बंदच ठेवतो, कागद दमट हवेत ओल धरतो आणि बुरशी लागते. आत सिलिकाच्या पुड्या आणि कडुलिंबाचा वाळला पाला ठेवलाय. डांबराच्या गोळ्या बंद केल्या, कारण मागच्या वर्षी वेताळाला आठवडाभर बाथरूमचा वास येत होता.

डबल निघालेल्या चारांपैकी तीन वेताळ आहेत, एक मँड्रेक. मँड्रेकचं शेवटचं पान नाही, तसं आधीच सांगतो. बदल्यात बहादूर हवा, कुठलाही, कापीवसुद्धा चालेल. विकत देणार नाही, अदलाबदलच. जुन्या बाजारातल्या काकांनी परवा फोन केला होता, एका वाड्याची रद्दी निघालीय, पोत्यात 'घोड्यावरचा माणूस' दिसला म्हणतात. घोड्यावरचा माणूस म्हणजे वेताळही असेल आणि महाराणा प्रतापही. रविवारी पाऊस असला तरी जाणार आहे, प्लास्टिकची पिशवी घेऊन.