तुम्ही विचारलंत म्हणून: मेंदूवरची व्याख्यानं ऐकताना

रत्नागिरी-मालवणकडचे निवृत्त शिक्षक आणि बीएस्सीची मुलं हटकून विचारतात: विद्यापीठांतली मेंदूविज्ञानाची व्याख्यानं आता घरबसल्या ऐकता येतात, पण त्यातलं आपल्याला कळणार काय?

कळतं. फक्त अवघड शब्दांमागे धावू नका, मोजमापाकडे बघा. तासाभराच्या व्याख्यानात सुरुवातीची दहाएक मिनिटं पूर्वपीठिकेची असतात. तेवढ्यात संशोधकाचा प्रश्न एका वाक्यात वहीत उतरवा. नाही जमला तर रेकॉर्डिंग मागे न्या. (पावसाळ्यात थेट प्रक्षेपणाच्या नादी लागूच नये, वीज नेमकी आलेख आला की जाते.)

मग माप कशाचं घेतलंय ते बघा. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माकुलाचा चेतातंतू निवडला, कारण तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो आणि त्याच्या आत इलेक्ट्रोड सरकवता येतो. 1952 साली त्यांनी त्यातल्या विद्युतप्रवाहाचं गणित मांडलं. जिवंत माणसाच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा बाहेरूनच मोजावं लागतं. ईईजी डोक्यावरून विजेचे चढउतार टिपतो. वेळ मिलिसेकंदापर्यंत कळते, जागा मात्र धूसर राहते.

खरी फसगत होते ती एफएमआरआयच्या, म्हणजे चुंबकीय यंत्राने टिपलेल्या मेंदूच्या रंगीत चित्रांपाशी. तो लाल ठिपका म्हणजे पेशींचा विचार नव्हे. पेशी कामाला लागल्या की तिथे ऑक्सिजनवालं रक्त जास्त येतं, त्याने चुंबकीय संकेत किंचित बदलतो, आणि हा बदल पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो. हे चित्र छोट्या-छोट्या ठोकळ्यांत मोजलेलं असतं, आणि तीन मिलिमीटर बाजूच्या एका ठोकळ्यात लाखो पेशी येतात. असे 50,000 ठोकळे तपासले आणि हजारात एक चूक चालेल म्हटलं, तर निव्वळ योगायोगाने 50 ठोकळे रंगतील. 2009 साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले. अशा योगायोगाच्या ठिपक्यांसाठी आकडेवारीत करायची दुरुस्ती न करता हिशेब केला तेव्हा त्याच्याही मेंदूत ठिपके उमटले, केल्यावर गेले. मेलेला मासा विचार करत नाही हे मालवणच्या बाजारात सांगावं लागत नाही, पण संशोधनात ते दाखवून द्यावं लागलं. 2012 साली त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस.

म्हणून ठिपका दिसला की आधी विचारा: किती माणसं होती, किती ठोकळे तपासले, दुरुस्ती केली का? आणि तुलना कशाशी केली? भीतिदायक चेहरे आणि कोरा पडदा अशी तुलना असेल, तर तो फरक नुसता चेहरा दिसल्याचाही असू शकतो. ‘अमिग्डाला (भीतीशी जोडला जाणारा मेंदूतला छोटा भाग) उजळला म्हणजे माणूस घाबरला’ असं कुणी म्हटलं तर तिथे थांबाच. अमिग्डाला नवीन किंवा सुखद गोष्टींनाही प्रतिसाद देतो. शेवटची दहा मिनिटं प्रश्नांसाठीच असतात, आणि आपल्या कोकणी हेलातलं इंग्रजी तिथे कुणाला खटकत नाही.