स्नेअरच्या जागी टाळी: ड्रमसेटचे नोटेशन लिहिताना आलेला अनुभव

एका रचनेसाठी मी नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रमसेटचा भाग लिहिला आणि ड्रमवादकांना म्यूझिकएक्सएमएल फाइल (एका सॉफ्टवेअरमधले नोटेशन दुसऱ्यात उघडता यावे यासाठीचे स्वरूप) पाठवली, कारण ते दुसरे सॉफ्टवेअर वापरतात. लिहिण्याचे काम दोन संध्याकाळींत उरकले होते. पुढच्या तीन संध्याकाळी मात्र एका प्रश्नापायी गेल्या आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

ड्रमवादकांनी कळवले की पानावर सर्व काही ठीक दिसते, परंतु वाजवून पाहिल्यावर स्नेअर ड्रमच्या जागी टाळी ऐकू येते. तेच सॉफ्टवेअर मी माझ्या संगणकावर बसवले आणि फाइल उघडली. पाच रेषांच्या पट्टीवर स्नेअर खालून तिसऱ्या घरात (दोन रेषांमधल्या जागेत), बेस ड्रम सर्वांत खालच्या घरात, हाय-हॅट ही झांजांची जोडी पट्टीच्या वर, नोटेच्या डोक्याजागी फुली घेऊन, असे सगळे जागच्या जागी होते. तरीही बेस ड्रमच्या ठिकाणी काठी कडेवर आपटल्याचा आवाज येत होता, बंद हाय-हॅटच्या ठिकाणी फ्लोअर टॉम हा ड्रम घुमत होता आणि क्रॅश झांजेऐवजी वरचा टॉम वाजत होता. मी नोट्स वर-खाली सरकवून पाहिल्या, आवाजांचा संच बदलला, फाइल चार वेळा नव्याने काढली. काहीही फरक पडला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मी बिघडलेले आवाज जनरल मिडीच्या (संगणकीय वाद्यांमध्ये कोणत्या आवाजाला कोणता क्रमांक, हे ठरवणाऱ्या मानकाच्या) तक्त्याशेजारी मांडले, तेव्हा उलगडा झाला. १९९१ साली ठरलेल्या त्या मानकात बेस ड्रमचा क्रमांक ३६, स्नेअरचा ३८, बंद हाय-हॅटचा ४२ आणि क्रॅशचा ४९ आहे. तर ३७ म्हणजे साइड स्टिक, ३९ म्हणजे टाळी, ४३ म्हणजे फ्लोअर टॉम आणि ५० म्हणजे वरचा टॉम. प्रत्येक आवाज नेमका एका क्रमांकाने पुढे सरकला होता. मिडीचे क्रमांक ० ते १२७ असे मोजले जातात, तर म्यूझिकएक्सएमएलमध्ये तालवाद्याच्या आवाजाचा क्रमांक १ ते १२८ असा लिहितात. म्हणून फाइलमध्ये स्नेअरसाठी ३९ लिहिलेले असणे बरोबरच होते, फक्त वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यातून एक वजा करायला हवा होता आणि तो केला नव्हता. नोट पट्टीवर कुठे दिसावी, ही माहिती फाइलमध्ये स्वतंत्र ठेवलेली असते. त्यामुळेच पानावर चूक दिसत नव्हती.

ही फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडता येते, मात्र ती एमएक्सएल स्वरूपात दाबलेली असेल तर आधी झिपप्रमाणे उलगडावी लागते. सुरुवातीच्या वाद्यांच्या यादीत ‘मिडी-अनपिच्ड’ या नावाखाली प्रत्येक आवाजाचा क्रमांक एकदाच येतो, म्हणून ड्रमसेटमध्ये सात आवाज असतील तर सातच आकडे एकाने कमी करायचे असतात. शोधून बदलण्याची सोय वापरणार असाल, तर लहान क्रमांकापासून सुरुवात करा. मी मोठ्यापासून केली, तेव्हा हाय-हॅटच्या ४३ चा ४२ झाला आणि पुढच्या फेरीत त्याचाही ४१ होऊन हाय-हॅट खालच्या टॉममध्ये मिसळून गेला. बदललेली फाइल वेगळ्या नावाने ठेवणेही आवश्यक आहे, कारण योग्य रीतीने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल चुकीची वाजेल.

स्वतःच्या हाताने आकडे बदलून बेस ड्रम आणि स्नेअर पुन्हा आपापल्या जागी ऐकू आले, तेव्हा मला रचना पूर्ण झाल्याइतकाच आनंद झाला.

लिहितानाची एक गोष्ट सांगायची राहिली. हातांनी वाजणारे सर्व पहिल्या व्हॉइसमध्ये (एकाच पट्टीवरच्या स्वतंत्र ओळीत) नोटांच्या दांड्या वर करून आणि पायांनी वाजणारे दुसऱ्या व्हॉइसमध्ये दांड्या खाली करून लिहिले की पान वाचायला सोपे होते, परंतु दुसऱ्या व्हॉइसचे अनावश्यक विराम लपवले नाहीत तर पट्टीखाली त्यांची गर्दी होते. ड्रमवादकांनी आणखी एक सूचना केली, ती मला फार मोलाची वाटली: कोणते चिन्ह कोणत्या वाद्याचे आहे, हे पहिल्या पानावर छापावे, कारण टॉम आणि झांजांच्या जागा प्रत्येक लेखक थोड्या वेगळ्या ठरवतो.

आता मी प्रत्येक रचनेच्या शेवटी एक जादा बार (दोन उभ्या रेषांमधला मात्रांचा एक खंड) जोडतो आणि त्यात ड्रमसेटच्या प्रत्येक आवाजाचा एकेक आघात ठरलेल्या क्रमाने लिहितो. समोरच्या व्यक्तीने फाइल उघडून तेवढाच बार वाजवला, की क्रमांक सरकले आहेत का ते काही सेकंदांत कळते. हा बार सुरुवातीला ठेवू नये, कारण छापण्यापूर्वी तो काढून टाकला की पुढच्या सर्व बारचे क्रमांक बदलतात आणि तालमीत इतरांच्या पानांशी मेळ राहत नाही.