बूट स्क्रीनचा प्रकल्प: ४८६, बीएक्स आणि यूईएफआय एका टेबलावर

तिन्ही मशीन आता एका टेबलावर चालू आहेत. डावीकडे एएमआय बायोसचं ४८६, मधे ४४०बीएक्स चिपसेटचं पेंटियम टू, उजवीकडे माझं रोजच्या कामाचं यूईएफआयवालं मशीन. बायोस म्हणजे वीज आल्यावर सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम; यूईएफआय हा त्याचा नवा अवतार. बटण दाबल्यापासून विंडोज किंवा डॉस समोर येईपर्यंत पडद्यावर जे जे उमटतं ते व्हिडिओत पकडायचं आणि प्रत्येक ओळ तिथे का आहे, आणि आजच्या मशीनवर त्या ओळींऐवजी नुसता लोगो का दिसतो ते शोधायचं, एवढंच हे काम. पण यात मी पार बुडून गेलोय.

पहिली अडचण मॉनिटरची होती. जुनी पीसी अक्षरं दाखवते ती ७२० बाय ४००, ७० हर्ट्झवर. एलसीडी हा सिग्नल ओळखून चित्र दाखवेपर्यंत एक-दोन सेकंद जातात आणि नेमक्या पहिल्या ओळी निसटतात. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका प्रेसच्या माळ्यावर १५ इंची सीआरटी (जुना काचेच्या ट्यूबचा मॉनिटर) पडून होता. मालक म्हणाले, "घेऊन जावा की, तेवढाच माळा मोकळा होतोय." आता ट्यूब आधी तापू देतो आणि मग रीसेट दाबतो, म्हणजे पहिलं अक्षरसुद्धा सुटत नाही. इथे कंट्रोल-ऑल्ट-डिलीट चालत नाही. त्या तीन बटणांनी बायोस मेमरीतल्या एका ठरलेल्या जागी १२३४ हा हेक्स आकडा लिहून ठेवतो, आणि पुन्हा सुरू होताना तो सापडला की मेमरीची तपासणी गाळतो. मला तर तीच बघायची होती.

४८६ वर सगळ्यात आधी दिसणारी ओळ बायोसची नसते, ती ग्राफिक्स कार्डची असते. कार्डावर स्वतःचा छोटा रॉम असतो. बायोस सी०००० या पत्त्यापासून शोध घेतो, तिथे ५५ एए ही खूण सापडली की त्या रॉममधल्या प्रोग्रामच्या हाती कारभार सोपवतो. कार्ड स्वतःला तयार करतं, स्वतःचं नाव आणि मेमरी छापतं आणि परत येतं. तोवर मदरबोर्डाला पडदा म्हणून काही नसतोच. त्याआधी काही बिघडलं तर सांगायला स्पीकरची बीप आणि ८० एच पोर्टवर टाकलेले दोन अंकी कोड, एवढंच हाती.

ते कोड वाचायला आयएसए या जुन्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसणारं पोस्ट कार्ड घेतलं. ज्यांनी अजून घेतलं नसेल त्यांनी जरूर घ्या. पडदा काळा असताना कार्डावर आकडे भराभर पळताना दिसतात, आणि मशीन किती काम करतंय ते तेव्हा कळतं. बीएक्स बोर्डावरची रॅम मुद्दाम काढून बघितली: कोड सी१ वर थांबला आणि लांब बीप एकामागून एक सुरू झाल्या. अवॉर्ड बायोसमध्ये सी१ म्हणजे मेमरी शोधण्याची पायरी. पडद्यावर एक अक्षर नाही, तरी निदान पक्कं.

मग मेमरीची मोजणी. हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून इथे जरा रेंगाळतो. टिक-टिक आवाज करत वाढत जाणारा आकडा दिखाव्यासाठी होता असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १९८१ च्या आयबीएम ५१५० मध्ये दर ८ बिटांमागे एक पॅरिटी बिट, म्हणजे चूक पकडायला जोडलेला जादा बिट होता. वीज आल्या आल्या मेमरीत काहीही भरलेलं असतं, ते तसंच वाचलं तर पॅरिटीची चूक निघणार. म्हणून एकदा सगळीकडे लिहून घेणं भागच होतं. लिहायचंच आहे तर परत वाचून तपासायचं, आणि तपासतोच आहोत तर कुठवर आलो ते माणसाला दाखवायचं. शिवाय ४८६ च्या काळातल्या रॅमच्या पट्ट्यांवर (त्यांना सिम म्हणत) स्वतःची माहिती देणारी चिप नव्हती. बायोसला लिहून-वाचूनच ठरवावं लागे की मेमरी नेमकी किती आहे.

पुढे एसडीरॅमच्या पट्टीवर (डिमवर) ती चिप आली. एसपीडी म्हणतात तिला. आकार, वेग, टायमिंग सगळं तिच्यात लिहिलेलं. तिला विचारलं की झालं, मोजणीची गरज उरली नाही. पण नव्या मशीनचं काम कमी झालंय असं समजू नका. डीडीआर५ ची पट्टी नवी बसवून पहिल्यांदा चालू केलंत की पडदा कधी कधी काही मिनिटं काळाच राहतो. त्या वेळी मेमरी कंट्रोलर प्रत्येक तारेवरच्या सिग्नलची वेळ जुळवत असतो. याला ट्रेनिंग म्हणतात, आणि जुन्या मोजणीपेक्षा ते कितीतरी नाजूक काम आहे. ते दिसत मात्र नाही. माझ्या ओळखीच्या एकाने तेवढ्यात घाबरून वीज बंद केली होती. थांबायला सांगणारी एक ओळ पडद्यावर असती तर त्याला कळलं असतं. या एका बाबतीत मी जुन्या पडद्याच्या बाजूने आहे, आणि ठामपणे आहे.

बीएक्सचा अवॉर्ड बायोस म्हणजे माहितीची खाण. वर उजवीकडे एनर्जी स्टारचं चित्र, १३६ बाय ८४ ठिपक्यांचं. ८ बाय १४ ठिपक्यांच्या अक्षरघरांत मोजलं तर बरोबर १७ बाय ६ घरं भरतात, म्हणजे चित्रसुद्धा अक्षरांच्या मापात बसवलेलं. आणि खाली डाव्या कोपऱ्यातली ती लांबलचक ओळ, जिच्याकडे कुणी बघत नाही. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून आलेल्या बोर्डावरचं नाव पुसून गेलेलं होतं. त्या ओळीत तारखेनंतर चिपसेट आणि मग २ए६९केए१ ने सुरू होणारा कोड होता. पहिली पाच अक्षरं ४४०बीएक्स सांगतात, पुढची दोन बोर्ड बनवणारी कंपनी: ए१ म्हणजे अ‍ॅबिट. ए० असतं तर असुस, जी० असतं तर गिगाबाइट. बोर्डाची ओळख पटली, मॅन्युअल मिळालं, जम्पर (बोर्डावर सेटिंग ठरवणाऱ्या छोट्या टोप्या) लागले.

त्यानंतर येणारा तक्ता: प्रोसेसर, ६४० के बेस मेमरी, फ्लॉपी, हार्ड डिस्क, पीसीआय कार्डांची यादी. शेवटी 'व्हेरिफाइंग डीएमआय पूल डेटा', म्हणजे हार्डवेअरच्या नोंदींची तपासणी. माझं मशीन इथेच अडकत होतं. हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्ड लावलंय. या ओळीनंतर अडकलं तर बहुतेक वेळा दोष बूट होणाऱ्या डिस्ककडे असतो, कारण यापुढे बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर मेमरीत ७सी०० या पत्त्यावर आणून त्याच्यात उडी घेतो. त्या सेक्टरमध्ये प्रोग्रामसाठी जागा फक्त ४४६ बाइट. तो भाग एफडिस्क या डॉसच्या प्रोग्रामने नव्याने लिहिला आणि विंडोज ९५ सुरू झालं.

विंडोज ९५ चं सुरुवातीचं चित्र बदलता येतं हे अनेकांना ठाऊक असेलच. सी ड्राइव्हच्या मुळाशी लोगो.एसवायएस नावाने ३२० बाय ४०० ची २५६ रंगांची बीएमपी ठेवायची. ती पूर्ण पडद्यावर ताणली जाते, म्हणून आधीच आडवी दाबून घ्यायची. मी रंकाळ्याचं संध्याकाळचं चित्र टाकलंय. खालची सरकती पट्टी म्हणजे ठरावीक रंग पॅलेटमध्ये (चित्राच्या रंगांच्या यादीत) फिरवत राहण्याची युक्ती. चित्र हलतच नाही, रंग हलतात. पाणी त्याच रंगांत रंगवलं, तर तळं लाटांसारखं हलतं!

आता मूळ प्रश्न: अक्षरांची जागा चित्राने का घेतली? एक कारण जागेचं. ५१५० मध्ये बायोस ८ केबीचा होता. बीएक्सच्या काळात चिप १२८ किंवा २५६ केबीची. आजच्या बोर्डावर १६ किंवा ३२ एमबी असते. ८० बाय २५ अक्षरांचा आख्खा पडदा ४,००० बाइटमध्ये मावतो, कारण अक्षरांचे आकार व्हिडिओ कार्डाकडे तयार असतात. १९२० बाय १०८० च्या एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. अक्षरं परवडत होती, चित्र परवडत नव्हतं.

पण मला पटणारं खरं कारण वेगळं आहे. डब्यात काय आहे हे कुणाला ठाऊक असतं, त्यावर पडदा किती बोलणार ते ठरतं. आपल्याकडे १९८४ च्या सुमाराला क्लास या संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. चालू केलं की दोन-तीन ओळी आणि लगेच बेसिक. हार्डवेअर ठरलेलं, मग सांगणार काय? पीसी मात्र जुळवलेली. कार्ड एकाचं, डिस्क दुसऱ्याची, जम्पर आपल्या हातचे. काय बसवलंय आणि काय ओळखलं गेलंय हे ताडून बघायला जुळवणाऱ्याला तो तक्ता हवाच होता. आता प्रत्येक भाग स्वतःची ओळख स्वतःबरोबर घेऊन येतो. तक्ता वाचणारा माणूस त्या साखळीतून बाहेर पडला.

उजवीकडच्या मशीनवर एक सुंदर गोष्ट सापडली. बोर्डाचा लोगो आणि खाली विंडोजचे फिरणारे ठिपके एकाच पडद्यावर कसे? फर्मवेअरने (बायोस किंवा यूईएफआयने) ऑपरेटिंग सिस्टिमला माहिती कशी द्यायची ते ठरवणाऱ्या एसीपीआय या प्रमाणाच्या ५.० आवृत्तीत, २०११ साली, बीजीआरटी नावाचा तक्ता आला. फर्मवेअर लोगोचं चित्र मेमरीत ठेवतो आणि ते कुठे आहे हे त्या तक्त्यात लिहितो. २०१२ च्या विंडोज ८ पासून विंडोज तेच चित्र जागच्या जागी राहू देतं. ठिपके म्हणजे तर फॉन्टमधली अक्षरं आहेत, एकामागून एक छापलेली. लिनक्समध्ये सिस, फर्मवेअर, एसीपीआय, बीजीआरटी या फोल्डरांतून आत गेलात की इमेज नावाची फाइल मिळते. कॉपी करून उघडा, साधी बीएमपी आहे. शेजारी एक्स आणि वाय ऑफसेटही असतात.

सेटअपमध्ये 'फुल स्क्रीन लोगो' बंद करून बघितलं. थोड्या ओळी आल्या: बोर्डाचं नाव, प्रोसेसर, रॅमचा वेग, यूएसबी साधनांची संख्या. घरच्या मशीनवर मी आता ते बंदच ठेवतो.

सध्या चालू असलेली चाचणी जुन्या ग्राफिक्स कार्डाची. यूईएफआयला पडद्यावर काही दाखवायला कार्डाच्या रॉममध्ये जीओपी नावाचा ड्रायव्हर लागतो. २०१२ च्या आधीच्या बहुतेक कार्डांत तो नाही, त्यांना सीएसएमचा, म्हणजे यूईएफआयमधल्या जुन्या बायोससारखं वागणाऱ्या भागाचा आधार लागतो. सीएसएम बंद केला की काही बोर्ड तक्रारीची बीप देतात, काही न सांगता तो परत चालू करतात, काहींवर विंडोजचा ड्रायव्हर येईपर्यंत काहीच दिसत नाही. २०२० पर्यंत जुन्या बायोसचा आधार काढून टाकण्याचा इरादा इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला होता, त्यामुळे ही चाचणी करता येतील असे बोर्ड कमीच होत जाणार. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली भागात कुणाकडे जीओपी नसलेलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड पडून असेल तर काही दिवसांसाठी द्या. प्रत्येक कार्डाच्या पहिल्या पडद्याचा व्हिडिओ करून कार्ड जसंच्या तसं परत आणून देतो.