शिकागोची मालकीण

ऑप्रा विन्फ्रेला आपण भारतात ओळखतो ते मुलाखती घेणारी बाई म्हणून. शिकागोत राहायला आल्यापासून मला तिच्या हिशेबी डोक्याचं जास्त कौतुक वाटायला लागलंय.

ती इथे आली जानेवारी १९८४ मध्ये. इथल्या एका वाहिनीचा अगदी मागे पडलेला सकाळचा कार्यक्रम तिच्या हाती दिला गेला आणि थोड्याच दिवसांत तो शहरात पहिला आला. पुढे काय करायचं, हे चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्टनं तिला जेवणाच्या टेबलावर कागदी नॅपकिनवर आकडे मांडून दाखवलं. त्याचा टीव्हीवरचा कार्यक्रम आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासाचा, आणि पैसे वाटून घ्यायला दोघं. तिचा आठवड्याचे पाच दिवस, तासाभराचा, आणि ती एकटी. वर प्रेक्षकही दुप्पट धरले, तर कमाई चाळीसपट!

हे गणित जमतं ते इथल्या सिंडिकेशनमुळे. आपल्याकडे मालिका एका वाहिनीवर लागते आणि बहुतेकदा तिचे हक्कही वाहिनीकडेच राहतात. इथे एकच कार्यक्रम गावोगावच्या स्थानिक केंद्रांना वेगवेगळा विकता येतो. ८ सप्टेंबर १९८६ पासून 'द ऑप्रा विन्फ्रे शो' देशभर असा विकला जाऊ लागला.

इतकं झाल्यावर कुणीही पगार वाढवून मागितला असता. ऑप्रानं मालकी मागितली. जेफ जेकब्स या वकिलाच्या सल्ल्यानं तिनं हार्पो ही कंपनी काढली होतीच. १९८८ मध्ये कार्यक्रम एबीसी या टीव्ही कंपनीकडून हार्पोकडे आला आणि शहराच्या पश्चिमेला तिनं स्वतःचा स्टुडिओही घेतला. मेरी पिकफोर्ड आणि ल्युसिल बॉल या अभिनेत्रींनंतर अमेरिकेत स्वतःचा स्टुडिओ असलेली ती तिसरी स्त्री, आणि पहिली कृष्णवर्णीय. मिसिसिपीत आजीच्या शेतावर गरिबीत वाढलेल्या मुलीनं वयाच्या चौतिशीत हे केलं, याचं मला फार मोल वाटतं. २००३ मध्ये 'फोर्ब्स'च्या अब्जाधीशांच्या यादीत तिचं नाव आलं, त्याची मुळं या १९८८ च्या करारात आहेत.

पुढचं सगळंच सरळ गेलं नाही. डिस्कव्हरीबरोबर २०११ मध्ये काढलेली 'ओन' ही वाहिनी सुरुवातीला तोट्यात होती, लोकांना कामावरून कमीही करावं लागलं. ऑप्रानं स्वतः सूत्रं हाती घेतली आणि टायलर पेरी या लेखक-दिग्दर्शकाच्या मालिका आणल्या, तेव्हा कुठे ती सावरली. वजन कमी करायला मदत करणाऱ्या वेट वॉचर्स या कंपनीत २०१५ साली तिनं दहा टक्के हिस्सा घेतला, तो व्यवहार मात्र मला आवडला नाही. स्वतःच्या वजनाबद्दल ती इतकी वर्षं प्रेक्षकांशी मोकळेपणानं बोलत आली होती. त्याच विश्वासावर त्या कंपनीचे शेअर एका दिवसात दुपटीनं वधारले. २०२४ मध्ये तिनं संचालकपद सोडलं आणि आपले शेअर वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला द्यायचं जाहीर केलं.