राखेपाशी

आज पहाटे सहालाच नैरोबी नॅशनल पार्कात शिरलो. समोर जिराफ, आणि त्याच्या मानेमागे शहरातल्या उंच इमारती! शहराला अगदी खेटून असलेलं हे ११७ चौरस किलोमीटरचं रान म्हणजे केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९४६ सालचं. सिंह दिसला का, ते विचारू नका. (पुढच्या जीपला दिसला म्हणे.)

मी मात्र अडकले राखेच्या ढिगाऱ्यापाशी. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोई यांनी १२ टन हस्तिदंत इथेच जाहीरपणे पेटवले. त्याच वर्षी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं. २०१६ मध्ये पुन्हा १०५ टन जाळले. ते सहजासहजी पेटतही नाहीत, इंधन ओतावं लागतं.

"विकले असते तर केवढा पैसा आला असता!" मी बोलून गेले.

"आणि गिऱ्हाईक परत मागायला आलं असतं," ड्रायव्हरदादा म्हणाले.

करड्या ढिगात तडकलेले, काळपट तुकडे अजून दिसतात. आजीच्या डब्यातली हस्तिदंती फणी आठवली. लहानपणी तिचे दात मोजत बसायचे मी.