लिफ्टमधली ओळख

आज सकाळपासून लिंक्डइनवर ठाण मांडून बसले होते. आधी हेडलाइन, म्हणजे प्रोफाइलवर नावाखाली दिसणारी ओळ. तिथे 220 अक्षरं मिळतात आणि मी बाई 'नव्या संधीच्या शोधात' एवढंच लिहून मोकळी! कसली संधी, कुणाला कळणार? खोडलं आणि लिहिलं, 'छोट्या व्यवसायांचे हिशेब आणि पेरोल सांभाळते'.

मग रिक्वेस्ट. एरवी मी नुसतं कनेक्टचं बटण दाबत सुटते. आज पाचच पाठवल्या, पण प्रत्येकीसोबत दोन ओळी लिहून. चौघांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पाचवी जुन्या ऑफिसात वरच्या मजल्यावर होती, लिफ्टमधल्या हसण्यापुरती ओळख. तिचं लगेच उत्तर, "अगं, आमच्याकडे जागा निघतेय. सीव्ही पाठव ना!"

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच मांडलं होतं की, नोकरीची खबर बरेचदा जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून येते. जिवलगांना जे ठाऊक असतं, ते बहुधा आपल्यालाही असतंच. (माझ्या मैत्रिणींनो, रागावू नका.)

सीव्ही जोडताना दिसलं, फाइलचं नाव 'फायनल फायनल नवा 3'. बदललं, पाठवला. तेव्हापासून दर दोन मिनिटांनी इनबॉक्स उघडतेय.