‘तोंड आलं’ हे मॉडेलला कसं सांगायचं?

आईला रक्तदाबासाठी रामिप्रिल सुरू झालं आणि महिन्याभरात कोरडा ठसका लागला. रात्री दिवा मालवला की सुरू. कफ सिरपच्या दोन बाटल्या संपल्या, छातीचा एक्स-रे काढून झाला, हळद-दूध तर रोजचंच. चौथ्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी हातात घेऊन पाहिली आणि त्याऐवजी टेल्मिसार्टन लिहून दिलं. तीन आठवड्यांत ठसका गेला. रामिप्रिलच्या जातीच्या गोळ्यांनी शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन साठतं आणि त्यातून खोकला येतो, हे औषधशास्त्रात जुनंच. पण आईनं तो ठसका सांगितला होता कुणाला? मावशीला, आणि फेसबुकवरच्या मैत्रिणींच्या गटात.

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी विषय निवडताना मला तेच आठवलं. लोक सोशल मीडियावर सहज लिहून जातात, त्यातून औषधांचे दुष्परिणाम मशीन लर्निंगनं हुडकायचे.

सुरुवात इंग्रजीनं केली, कारण कुठला भाग दुष्परिणामाचा याच्या खुणा केलेला मजकूर तिथे तयार मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेचा २०१५ चा कॅडेक संच त्यासाठी फार चांगला: डायक्लोफेनॅक आणि अॅटॉरव्हास्टॅटिन घेणाऱ्या रुग्णांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेले अनुभव. त्यावर बर्ट हे मजकूर वाचणारं मॉडेल शिकवलं, फारसं अडलं नाही.

खरे दिवस गेले ते मराठीत. नावं-गावं काढून टाकलेला मजकूर घेऊन मी आणि माझी बी.फार्म. झालेली मैत्रीण वेगवेगळ्या बसून खुणा करायचो आणि रात्री ताळा जुळवायचो. पहिल्याच आठवड्यात ‘पित्त’ या शब्दावर अडलो. ‘गोळीनं पित्त वाढलं’ म्हणजे जळजळ, आंबट ढेकर; ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे गांध्या, म्हणजे अॅलर्जी. दुसरं औषध थांबवायला लावणारं असू शकतं, आणि शब्द तोच! ‘गोळ्या उष्ण पडल्या, तोंड आलं’ हे आपल्याला लगेच कळतं. मॉडेलला ‘आलं’ म्हणजे कुणीतरी आलं. शिवाय निम्मे लोक मराठी रोमन लिपीत लिहितात, त्यात ‘चक्कर’ एकाच गटात पाच तऱ्हांनी लिहिलेली सापडली.

क्रमाचा घोळ त्याहून वाईट. ‘डोकं दुखत होतं म्हणून गोळी घेतली’ आणि ‘गोळी घेतली आणि डोकं दुखायला लागलं’. शब्द जवळपास तेच. पहिल्यात डोकेदुखी हा आजार, दुसऱ्यात दुष्परिणामाचा संशय. असल्या जोड्या आम्ही मुद्दाम शोधून शोधून घातल्या.

पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाचं महाबर्ट, म्हणजे मराठीसाठीचं बर्ट, घेऊन पहिल्यांदा चालवलं तेव्हा अचूकता इतकी आली की मी मैत्रिणीला रात्रीच फोन केला. सकाळी नीट पाहिलं. दुष्परिणामाचे मजकूर मुळात मूठभर. मॉडेल सगळ्यांनाच ‘नाही’ म्हणत होतं आणि तरी गुण मिळवत होतं. त्यानंतर मी अचूकतेचा आकडा पाहणंच सोडलं. खऱ्या तक्रारींपैकी किती हाती लागल्या, म्हणजे रिकॉल, तेवढं बघायचं. दुर्मिळ मजकुराला जास्त वजन दिल्यावर गाडी हलली.

यावर सगळं सोपवता येतं असं मी म्हणणार नाही. युरोपात २०१४ ते २०१७ वेब-रॅडर प्रकल्पात हेच तपासलं, तेव्हा सर्वसाधारण औषधांसाठी धोक्याचे इशारे हुडकायला ट्विटर-फेसबुकचा फारसा उपयोग दिसला नाही. डॉक्टरांनी आणि रुग्णांनी केलेली रीतसर नोंदच मोलाची. पण जे कधी नोंदवलं जाणारच नाही, ते निदान कुणाच्या तरी नजरेला पडावं, असं मला मनापासून वाटतं.

शेवटच्या चाचणीत आईचीच दोन वाक्यं घातली. ‘गोळी सुरू केल्यापासून रात्री ठसका लागतो’ हे पकडलं. ‘घशात कुणी पीस फिरवतंय असं वाटतं’ हे सुटलं. ते वाक्य मी शिकवायच्या संचात घातलं. त्याच संध्याकाळी आईला शेजारी बसवून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाचा रुग्णांसाठीचा मराठी फॉर्म भरला. औषधाच्या नावाखाली तिनं स्वतःच्या अक्षरात रामिप्रिल लिहिलं, आणि त्रासाच्या रकान्यात पीसच लिहिलं.